जिराफाच्या मानेवरची होडी

डोंगरीपाड्यात कुणाचं लग्न ठरलं की पहिला निरोप बारकीला जायचा. मांडव, ताडी, वाजंत्री ही पुरुषांची कामं. घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत गेरूने सारवलेल्या भिंतीवर चौक लिहायचा तो मात्र सवाशिणींनी, आणि सवाशिणींत पहिली काडी बारकीची. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून ती चौकाच्या चारही कडा एका दमात ओढायची, मधोमध पालघट देवीला बसवायची, शेजारी घोडा काढायची आणि मग पदराला हात पुसत बाकीच्यांना म्हणायची, "आता तुमी करा नक्षी. मी जरा पान खाते." तोंडाने फटकळ होती. कुणाची रेघ वाकडी गेली की "ही देवीची वेणी हाय का बैलाचा शेपूट?" असं भर खोलीत विचारायची. पण बायका तिचं बोलणं मनावर घेत नसत. चौक पुरा झाल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही, आणि बारकी असली की चौक दुपारच्या आत पुरा व्हायचा.

यात एकच नियम होता. जिचा नवरा गेला तिचा हात चौकाला लागत नाही. तिने तांदूळ निवडावेत, गाणं म्हणावं, जेवायला पहिल्या पंगतीला बसावं, तिला कुणी वाकडा शब्द बोलत नाही. काडी मात्र धरायची नाही. नव्या मुलीच्या संसाराला मरणाची सावली नको, एवढंच त्यामागे होतं. हा नियम बारकीनेच कितीतरी जणींना समजावून सांगितला होता.

तिचा नवरा सुक्या खलाशी होता. इकडची निम्मी माणसं पाऊस ओसरला की सौराष्ट्रातल्या बोटींवर जातात आणि उन्हाळ्याच्या शेवटी घरी येतात. २०१४ साली सुक्याही तसाच गेला. त्या हिवाळ्यात त्यांची बोट मासे शोधत सीमेपलीकडे सरकली आणि पाकिस्तानच्या पहारेकऱ्यांनी बोट चालवणाऱ्या तांडेलासकट सगळ्यांना धरून कराचीच्या तुरुंगात टाकलं. पाण्यावर सीमा कुणी आखलेली असते आणि ती माशांना कशी कळते, हे विचारायची सोय नव्हती. बोटीच्या मालकाने शेजाऱ्याच्या फोनवर निरोप दिला आणि पुढे तोही फोन उचलेनासा झाला. अधूनमधून कुणाकडून तरी कळायचं की माणसं जिवंत आहेत.

तेव्हा पाड्यात कुजबुज झाली होती. दूर परमुलखात अडकलेल्या माणसाची बायको सवाशीण धरायची की नाही? निकाल दिला सोनीबाईने. सोनीबाई म्हणजे सुक्याची आत्या, बारकीची फुई, आणि पाड्याची धवलेरी. लग्नातली देवाची गाणी तिच्या तोंडची, त्यामुळे लग्नाच्या बाबतीत तिच्या शब्दावर शब्द नाही. ती म्हणाली, "तुरुंगात हाय म्हणजे हाय. बारकी, काडी धर." बारकीने काडी धरली. त्या दिवसापासून तिच्या मनात एक गाठ पक्की बसली. माझा हात चौकाला लागतोय तोवर संगीचा बा जिवंत हाय. संगी म्हणजे तिची मुलगी संगीता, आश्रमशाळेत शिकणारी. पुढच्या दोन वर्षांत बारकीने लिहिलेल्या चौकांसारखे चौक पाड्याने त्याआधी पाहिले नव्हते.

२०१६ चा पाऊस सरला आणि डहाणूतल्या एका संस्थेने प्राणीवाट काढायचं मनावर घेतलं. किनाऱ्यापासून तलासरीपर्यंत रस्त्याच्या कडेने गावोगावी फायबरचे मोठाले प्राणी उभे करायचे, ते तिथल्याच लोकांनी रंगवायचे आणि मुंबईच्या लोकांनी गाड्या काढून बघत यायचं. कल्पना वाईट नव्हती. कल्पना कुठलीच वाईट नसते, ती राबवायला माणसं लागतात तिथे घोळ होतो. वाढवणला खेकडा द्यायचा ठरलं, तर सरकारच्या नव्या बंदराला विरोध करणारे तिथले लोक म्हणाले, ठेवा की, पण त्याच्या पाठीवर आम्ही 'बंदर नको' असं लिहिणार. खेकडा मुकाट्याने नरपड गावाला गेला. कोसबाडला बैल गेला. बाकीच्या पाड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. बारकीने घोडा मागितला होता, कारण चौकात घोडा असतो आणि त्याच्यावर तिचा हात बसलेला. डोंगरीपाड्याच्या चिठ्ठीत जिराफ निघाला.

टेंपोतून तो पांढराशुभ्र प्राणी नाक्यावर उतरवला तेव्हा पाडा लोटला होता. सोनीबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "घोडाच हाय. पण त्याची मान धरून कोणी ओढली वो?" लोक पोट धरून हसले. बारकीही हसली. मग तिने गेरू मागितला, तर संस्थेच्या हेमांगीताईंनी तिच्या हातात डब्यातला रंग दिला. गेरू पावसात वाहून जातो, म्हणाल्या. ते खरंच होतं.

हेमांगी चांगल्या घरची, कळकळीची बाई. उन्हातान्हात हिंडायची, पाड्यातला कोरा चहा प्यायची, बायकांना मावशी म्हणायची. तिच्या कळकळीबद्दल मला शंका नाही, आणि म्हणूनच तिचा जास्त राग येतो. तिची इच्छा होती की जिराफाच्या पोटावर चौक यावा, आत पालघट देवीसकट.

"मावशी, तुमच्या चौकासारखा चौक अख्ख्या तालुक्यात नाही म्हणतात. तोच हवा."

"लगीन कोणाचा हाय?" बारकीने विचारलं.

"लग्न नाही हो. नुसता चौक."

"लगीन नाय तं चौक नाय," बारकी म्हणाली. "देवीला नाक्यावर काहाला बसवू? एश्ट्या बघायला?"

हेमांगीने दोन दिवस मनधरणी केली. बारकी बधली नाही. पोटावर तिने भाताची खाचरं, ताडीची झाडं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं काढली. लांबलचक मान उरली. तिथे काय काढावं, सुचेना. मग तिने मानेवर लाटा काढल्या, लाटांवर होडी आणि होडीत चार माणसं. होडी तिने जन्मात काढली नव्हती. चौथा माणूस काढताना तिची काडी जरा थांबली.

"हा कोण, मावशी?" हेमांगीने विचारलं.

बारकीने सगळं सांगितलं. बोट कुठली, धरली कधी, तुरुंग कुठे, माणसं जिवंत असल्याचं शेवटचं कधी कळलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ऐकताना हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बारकीचा हात हातात घेतला आणि वहिनीने नणंदेजवळ बसावं तशी बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. बारकीला बरं वाटलं. शहरातल्या माणसाने एवढं ऐकून घेतलं याचंच तिला अप्रूप.

नव्या वर्षाच्या जानेवारीत उद्घाटन झालं. प्रत्येक प्राण्याशेजारी चकचकीत फलक, त्यावर कलाकाराचं नाव आणि चार ओळी. डोंगरीपाड्याच्या नाक्यावर पाहुणे गाड्यांतून उतरले. बारकीला आणि रंगकामाला हात लावलेल्या बायकांना एका रांगेत उभं केलं, आणि संस्थेतली एक बाई हळदीकुंकवाची थाळी घेऊन रांगेवरून निघाली. पहिलीला कुंकू, दुसरीला कुंकू. बारकीसमोर आल्यावर तिने बारकीच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे सकाळी लावलेलं ठसठशीत कुंकू होतं. बाई घोटाळली. मग तिने शेजारच्या फलकाकडे एकदा बघितलं, थाळी बाजूला केली, बारकीच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि पुढे सरकली. छापलेल्या अक्षरापुढे कपाळाची काय पत्रास?

 एरवी भर खोलीत बायकांना ऐकवणारी बारकी गप्प उभी राहिली. तिला वाटलं, पाहुणी आपल्या पाड्यात आलीय, तिची चूक झाली असेल, चार माणसांत तिची शोभा कशाला करायची. दारात आलेल्याला खाली बघायला लावू नये, हे तिच्या अंगात मुरलेलं. म्हणून तिने फूल घेतलं आणि वर मानही डोलावली. समोर पाड्यातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. त्यांत सोनीबाई होती.

गाड्या गेल्यावर उद्घाटनासाठी शाळेतून आलेल्या संगीने फलक मोठ्याने वाचला. "समुद्राने जिचा पती हिरावून घेतला त्या विधवा कलाकार बारकी यांनी आपलं दुःख या मानेवर..." पुढे ती वाचायची थांबली. बारकी म्हणाली, "वाच." संगीने तीच ओळ पुन्हा वाचली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बारकी डहाणूला संस्थेच्या कचेरीत गेली. हेमांगीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, "मावशी, मी खरं तेच लिहिलं होतं. पण फलकाचा खर्च करणाऱ्या कंपनीने सांगितलं, पाकिस्तान हा शब्द फलकावर नको. सध्या वातावरण किती तापलंय, तुम्हाला माहीत आहे. कुणी दगड मारला तर? म्हणून तेवढं बदललं. तुमच्या भल्यासाठीच."

"मग मला मारला नाय का दगड?" बारकीने विचारलं.

हेमांगी म्हणाली, फलक बदलू, थोडं थांबा, पुढच्या वर्षी सगळेच नवीन करायचे आहेत. त्या वर्षी सीमेवर चकमकी झाल्या होत्या आणि टीव्हीवर रोज पाकिस्तानच्या नावाने शिमगा चालला होता, हे खोटं नव्हतं. पण त्या भीतीपायी एका जिवंत माणसाला मारून टाकावं आणि त्याला भलं म्हणावं, हे फक्त शिकलेल्यांनाच जमतं. बारकी एसटीने परत आली आणि नाक्यावर उतरून जिराफाकडे न बघता घरी गेली.

उन्हाळ्यात तुक्याच्या मुलीचं लग्न निघालं. तुक्या म्हणजे बारकीचा सख्खा दीर. मांडव पडला, भिंत सारवली, पण बारकीकडे निरोप आला नाही. ती आपणहून गेली. आतल्या खोलीच्या दारात सोनीबाई बसली होती.

"फुई, मला बोलवला नाय?"

सोनीबाईने तिला शेजारी बसवलं. आवाज चढवला नाही. "बारके, ती थाळी तुझ्या समोरून गेली. तू तोंड मिटून उभी राहिलीस. फूल घेतलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होती, आता बोलेल, मग बोलेल. तू बोलली नाय. जी आपल्या कुंकवासाठी बोलत नाय, तिच्या मनात काय हाय ते बायकांनी कसा समजावा?"

"ती पावनी होती, फुई."

"हो. पण आता दहा तोंडं झालीत. नवरीची आय घाबरलीय. या वेळेला राहू दे."

बारकी बाहेर येऊन तांदूळ निवडायला बसली, जिथे विधवा बसतात तिथे. आतून गाणं ऐकू येत होतं. आजवर नियम समजावून सांगताना तिने कधी विचार केला नव्हता की बाहेर बसणारीला आतलं सगळं ऐकू येतं. तिला सोनीबाईचा राग आला, थाळीवालीचा आला, जिराफाचाही आला. सगळ्यात जास्त भीती वाटली. मनातली ती गाठ सुटत चालली होती. हात चौकाला लागत नाही म्हणजे तिकडे काहीतरी झालं असणार, असं तिला रात्रंदिवस वाटू लागलं. जेवण तुटलं. संगी सुट्टीत आली तर आईला ओळखेना.

आणि पुढच्या जानेवारीत सुक्या घरी आला. पाकिस्तानने खलाशांचे गट सोडले, त्यांत हा सुटला. अर्धा राहिला होता, खोकत होता, दाढी पांढरी झालेली, पण आपल्या पायांनी चालत नाक्यावरून आला. बारकीने त्याला घरात घ्यायच्या आधी सोनीबाईच्या दारात नेऊन उभं केलं. "बघ, फुई. हात लावून बघ." सोनीबाईने भाच्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग घरातून कुंकवाची डबी आणली आणि बारकीच्या कपाळावर एवढं मोठं बोट ओढलं. पाड्यातल्या बायका जमल्या. त्या दिवशी बारकी पुन्हा फटकळ बोलायला लागली.

आनंद होता, पण माणूस कामाला उरला नव्हता. समुद्राचं नाव काढलं की सुक्या उठून आत जायचा. चिकूच्या वाडीत गेला, तर दुपारपर्यंत दम टिकेना. तेव्हा हेमांगी आली. त्याला बघून तिला मनापासून आनंद झाला, पेढे घेऊन आली होती. फलकाचं बारकीने विचारलं तेव्हा म्हणाली, यंदा पैसे आले नाहीत, पण नक्की करू. मग सुक्याला बाजूला घेऊन तिने काम देऊ केलं. जिराफाची राखण करायची. धूळ पुसायची, शेळ्या हाकलायच्या, पाहुणे आले की चित्रं दाखवायची. बसून करायचं काम होतं. सुक्या लगेच हो म्हणाला.

बारकीलाही बरं वाटलं. सावलीत बसेल, चार माणसं बघेल, सुधारेल. राखणीखेरीज आणखी काय ठरलं होतं, ते तिला सुक्याने सांगितलं नाही.

वैशाखात सोनीबाईच्या नातीचं लग्न आलं. या खेपेला सोनीबाई स्वतः बारकीच्या अंगणात आली. "पहिली काडी तुझी. उशीर करू नको." बारकीने नवं लुगडं काढलं, कुंकू लावलं, बांबूची काडी स्वतः तासली. लग्नघर नाक्यापलीकडे होतं. ती निघाली तेव्हा नाक्यावर मुंबईची एक गाडी थांबलेली आणि चार-सहा माणसं जिराफाखाली उभी होती. सुक्या काठी वर करून मान दाखवत होता. बारकी ताडाच्या आडोशाला थांबली. आपला माणूस पाहुण्यांशी कसा बोलतो, ते तिला ऐकायचं होतं.

"ही होडी," सुक्या म्हणत होता. "हा चौथा माणूस म्हणजे बाईचा नवरा. समुद्रात गेला."

"अरेरे," एक बाई म्हणाली. "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"हो तर. एका बोटीवर होतो आम्ही."

"म्हणजे ते गेले तेव्हा...?"

"माझ्या डोळ्यासमोरच गेला," सुक्या म्हणाला. अडखळला नाही. सवय झालेल्या माणसासारखा बोलला.

त्या बाईने डोळे टिपले आणि सोबतच्यांनी होडीचा फोटो काढला. सुक्याने वळून पाहिलं तेव्हा त्याला बारकी दिसली. त्याने काठी खाली घेतली. मग पाहुण्यांनी पुढचं काही विचारलं आणि तो पुन्हा त्यांच्याकडे वळला.

बारकी लग्नघरी गेली. भिंत वाळून लालभडक झाली होती. वाटीत पिठाचं पाणी तयार होतं. सवाशिणी भिंतीशी बसल्या होत्या, आणि नवरी कोपऱ्यात हळदीच्या अंगाने लाजून हसत होती. बारकीने काडी बुडवली, हात भिंतीपर्यंत नेला आणि थांबली. काडीवरून एक थेंब खाली पडला. तिने काडी वाटीत परत ठेवली.

"काय झाला?" सोनीबाईने विचारलं.

"माझा हात नाय लागायचा, फुई. दुसरीला दे."

"वेडी झालीस? तुझा माणूस नाक्यावर बसलाय जिवंत. मी सवता कुंकू लावला तुला."

बारकीने नाक्यावरचं ऐकलेलं सांगितलं.  मग सोनीबाई हसायला लागली. "अगो, पोटासाठी बोलतो तो. तेवढ्यानं कोणी मरतो काय?"

"दुसऱ्या कोणी लिवला, ते मी मानला नाय," बारकी म्हणाली. "थाळीवालीनं टाळला, तू बाहेर बसवलीस, ते बी मानला नाय. पण आता त्याच्याच तोंडातून आला. रोज बोलतो, फुई. माझ्या हाताने ते मरण तुझ्या नातीच्या भिंतीवर उतरला तं?"

सोनीबाईने तिला खूप समजावलं, रागावलीसुद्धा. पण नवरीच्या आईने एव्हाना वाटी उचलून दुसऱ्या बाईपुढे ठेवली होती. कुणी अडवलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. बारकी आपणहून उठली, बाहेर आली आणि तांदूळ निवडायला बसली.

दिवेलागणीला सुक्या घरी आला. पाय धुतले, ताटावर बसला. 

"मी तिथं तुरुंगात रोज पाहिजे ते बोललो, बारके," तो म्हणाला. "मारत होते, मग आम्ही बोलायचो. बोललो म्हणून जगलो. शब्दानं काय होतो?"

बारकीने त्याच्या ताटात भात वाढला. हा माणूस परत मिळावा म्हणून तिने तीन वर्षं देवांना साकडं घातलं होतं. त्याच्यावर रागवायचं तिला जमेना आणि त्याला माफ करणंही जमेना.

"चौक झाला?" सुक्याने विचारलं.

"झाला."

"बरा झाला. उद्या डहाणूहून सुट्टीतल्या पोरांची मोठी बस येणार हाय, ताई बोलल्यात. मला लवकर उठव."

सकाळी बारकीने त्याला उठवलं.